तांबडी धूळ

रविवारी सकाळी जेवणघरातल्या टेबलावर पुन्हा धूळ होती, आणि ती तांबडी होती.

हेस्टरने त्यावरून बोट फिरवलं आणि ते खिडकीपाशी उजेडात धरलं. धूळ मैद्याहून बारीक होती. बोटं एकमेकांवर घासली की वाळूसारखी टोचत नव्हती, कोकोसारखी कातडीत मुरत होती. तिने वर पाहिलं. फायरप्लेसच्या वरच्या कोपऱ्यातला प्लास्टरचा द्राक्षघोस भिंतीपासून किंचित सुटला होता. मागच्या फटीची कड गंजल्यासारखी दिसत होती.

"चिमणीतल्या विटांचा भुगा आहे तो, मिस हेस्टर," घरकाम बघणाऱ्या मिसेस टिबेट हातातला पांढरा टेबलक्लॉथ झटकत म्हणाल्या. "गेल्या हिवाळ्यापासून रोज पुसतेय. मोठ्या बाईसाहेब न्याहारीला उतरायच्या आत."

"ममा उतरायच्या आत का?"

"दिसलं तर विचारतील. विचारलं तर वर जाऊन बघावं लागेल." त्यांनी कापड पसरलं आणि त्याच्या सुरकुत्या तळव्याने काढायला लागल्या. "आज पाच जण ना? नक्षीच्या काचेचे चांगले ग्लास चारच उरलेत. पाचवा साधा तुमच्या जागी ठेवते, चालेल?"

"चालेल," हेस्टर म्हणाली. तिचं लक्ष अजून छताकडे होतं.

वर क्रिस्पिनची खोली होती.

क्रिस्पिन तिचा थोरला भाऊ, या घराचा, मॅलरिंग हॉलचा, वारस. दहा वर्षांपूर्वी तो युद्धात, इटलीत मारला गेला. तार आली त्या दुपारी ममाने स्वतःच्या हाताने त्याच्या खोलीच्या झडपा लावल्या. कावळ्यांनी काटक्या टाकू नयेत म्हणून त्या खोलीच्या चिमणीवर दगडी फरशी बसवून घेतली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली रिबिनीत ओवून गळ्यात अडकवली. त्या दिवसापासून त्या खोलीबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. तशी मनाई नव्हती. ते बरं दिसलं नसतं, एवढंच.

हेस्टर केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकली होती. ममाला एकटं ठेवायला नको म्हणून तिने संशोधन केंद्रातली नोकरी सोडली आणि घरी आली. तरी शिकलेलं विसरली नव्हती. ही धूळ विटांची नव्हती. लाकूड खाणारी जी बुरशी जुन्या घरांत शिरते, तिचं ते बी होतं. एवढं बी पडत होतं म्हणजे वर कुठेतरी तिने पोटभर खाऊन फळ धरलं होतं.

आणि आजच दुपारी मिस्टर पिनॉक घर तपासायला आणि जेवायला येणार होते.

*

हेस्टरचा दुसरा भाऊ जर्वेस बंदुकांच्या खोलीत बूट चढवत होता. त्याची बायको मॉयरा दाराला टेकून सिगरेट ओढत होती. हेस्टरने जे पाहिलं ते मोजक्या शब्दांत सांगितलं.

जर्वेसचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. "खात्री आहे?"

"खोली उघडल्याशिवाय किती पसरलंय ते कळणार नाही. पण आहे, एवढं नक्की."

"मग बोलू नकोस."

"जर्वी..."

"आजच्या दिवस. एवढंच मागतोय मी. पिनॉकच्या त्या जुनी घरं सांभाळणाऱ्या संस्थेने हो म्हटलं तर छप्पर त्यांच्या माथी, आणि आपण दक्षिणेकडच्या खोल्यांत मरेपर्यंत राहू. नाही म्हटलं तर पाडकामवाला टपून बसलाय. गेल्या महिन्यात येऊन छतावरचं शिसं बघून गेला. जिन्यावर टकटक करत होता, कलिंगड घेताना करतात तशी! वसंतात शेजारचं घर पाडलं ना, तोच माणूस."

"आणि त्यांना नंतर कळलं तर?"

"सह्या झाल्यावर कळू दे. घर त्यांचं, बुरशी त्यांची."

मॉयराने धूर सोडला. ती ग्लासगोच्या एका डॉक्टरची मुलगी होती, आणि लग्नाला सहा वर्षं होऊनही तिला या घरातल्या पडद्याआडच्या बोलण्याची सवय झाली नव्हती. "छान. आणि तोवर आपण तिच्याखाली बसून जेवायचं. माझे वडील असं दुखणं लपवणाऱ्यांना काय म्हणायचे सांगू?"

"नको," जर्वेस म्हणाला.

"मी तर म्हणते पाडू दे. कोरडा बंगला, गरम पाणी, आणि एकच लेडी लॅम्बर्न. इथे सासूबाई आणि मी, दोघी लेडी लॅम्बर्न; कुणी तशी हाक मारली तर मी वळूनसुद्धा बघत नाही."

"मॉयरा, प्लीज." तो हेस्टरकडे वळला. त्याचा आवाज उतरला. "हेट्टी, ममा या घराबाहेर एक हिवाळा काढणार नाही. तुला माहितेय. आणि तो दरवाजा तू तिला उघडायला लावणार आहेस? परक्या माणसासमोर?"

हेस्टर काहीच बोलली नाही. जर्वेसने तिच्या गप्प राहण्याला होकार मानलं. या घरात नेहमीच तसं मानलं जायचं.

*

मिस्टर पिनॉक बुटके, नीटनेटके, ओलसर डोळ्यांचे गृहस्थ होते. एका हातात छत्री, दुसऱ्यात खिशातला लहान चाकू. कुठलंही लाकूड टोचण्याआधी ते "माफ करा हं" म्हणायचे, आणि ते घरच्यांना म्हणतात की लाकडाला, हे कळायचं नाही.

घर दाखवायचं काम ममाने कुणाला सोपवलं नाही. ऐंशीच्या घरातली ती ताठ बाई काठी न टेकता पुढे चालत होती, आणि लॅम्बर्न घराण्याचा इतिहास सांगत होती. हेस्टरने तो इतक्यांदा ऐकला होता की कुठे श्वास घेतला जाईल तेही तिला ठाऊक होतं.

"हे सर टोबायस. लोकरीच्या व्यापारातले. मधला भाग त्यांनी बांधला. कॅथलिक पाद्र्यांवर बंदी होती तेव्हा त्यांना लपवायची एक जागा होती इथे, ती त्यांनी चिणून टाकली."

"पाद्री आत असताना?" पिनॉकनी हळूच विचारलं.

"नसावेत," ममा म्हणाली. "हे सर जोसायस. उत्तरेकडचा भाग यांचा. त्यांचे वेस्ट इंडीजमध्ये काही संबंध होते."

लहानपणी हेस्टरने विचारलं होतं, कसले संबंध? साखरेचे, असं क्रिस्पिनने टेबलाखालून सांगितलं. मग ऊस कोण तोडायचं, गुलाम का, असं तिने मोठ्याने विचारलं आणि पुडिंग न खाताच तिला वर पाठवण्यात आलं.

"खिडक्यांवर कर बसला तेव्हा त्यांनीच उत्तरेच्या निम्म्या खिडक्या बुजवल्या," ममा पुढे म्हणाली. "ही संगीताची खोली. माझ्या आजेसासूबाई हवापालटासाठी फ्लॉरेन्सला गेल्या, तेव्हापासून ती बंद असते."

"फार दिवस होत्या का तिकडे?"

"तिकडचं हवामान त्यांना मानवलं," ममा म्हणाली.

मॉयराला खोकल्याचा ठसका लागला. आजेसासूबाई पियानोच्या मास्तरांबरोबर गेल्या होत्या, हे गावच्या पोस्टातसुद्धा माहीत होतं.

मागून चालताना हेस्टरला पहिल्यांदाच एक गोष्ट जाणवली. या घराचा इतिहास म्हणजे कुणी काय बांधलं याचा नव्हता, कुणी काय बंद केलं याचा होता. पिढीमागून पिढी ज्याचा विचार करवत नव्हता त्यावर दार ओढत आली होती. मग पुढची पिढी त्या दारासमोर एखादं चित्र टांगायची.

जेवणघराबाहेर, उत्तरेच्या बोळात पिनॉक थांबले. त्यांनी नाक वर केलं आणि दोनदा हवा हुंगली. भिंतीच्या खालच्या पट्टीशी गुडघा टेकून त्यांनी "माफ करा हं" म्हटलं आणि चाकूचं टोक लावलं. ते मुठीपर्यंत आत गेलं. लोण्यात जावं तसं.

त्यांनी चाकू हलकेच काढला. मागे वळून कुणाकडे पाहिलं नाही.

"जेवण तयार असेल," जर्वेस जरा जास्तच जोरात म्हणाला.

*

जेवणातले फेझंट पक्षी जर्वेसनेच मारले होते. "छर्‍यांकडे लक्ष ठेवा," त्याने पाहुण्यांना बजावलं, आणि पहिल्याच घासाला पिनॉकच्या दाताखाली कटकन आवाज झाला. त्यांनी तो शिशाचा दाणा ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाले की पक्षी फारच चविष्ट आहे. पाहुण्यांसाठी फायरप्लेसमध्ये मोठा जाळ केला होता. एरवी फेब्रुवारीच्या थंडीतही इथे जाळ नसायचा. त्या उबेने छताजवळची हवा हलत असणार, हेस्टरच्या मनात आलं. ती आपलं ताट बघत राहिली.

हवामानावर बोलून झालं. राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवशी किती पाऊस होता त्यावरही झालं. मग पिनॉकनी काटा-चमचा एकत्र ठेवला.

"लेडी लॅम्बर्न, घर अत्यंत सुंदर आहे. समितीसाठी मला... म्हणजे, अर्थात तुमची काही गैरसोय होणार असेल तर... पण या खोलीच्या बरोबर वर जी खोली आहे ती बहुधा पाहायची राहिली."

फायरप्लेसमधलं एक लाकूड ढासळलं.

"ती माझ्या मुलाची खोली आहे," ममा म्हणाली. "ती दाखवत नाही."

"चादरी वगैरे ठेवतो आम्ही तिथे," जर्वेस घाईने म्हणाला. "अडगळ. बघण्यासारखं काही नाही."

"अर्थातच," पिनॉक म्हणाले. "अर्थातच."

त्यांनी बशीशेजारी ठेवलेला आपला खिशातला चाकू उचलला आणि मिटला. कट असा बारीक आवाज झाला. जर्वेसने सुटकेचा निःश्वास टाकला आणि वाइनची बाटली पुढे केली. त्याला वाटलं, निभावलं.

हेस्टरला मात्र तो आवाज नीट कळला. पिनॉक याच देशाचे होते, याच रीतीत वाढलेले. ते दुसऱ्यांदा विचारणार नव्हते. ते पुडिंग खातील, फुलबागेचं कौतुक करतील, टॅक्सीत बसतील, आणि समितीला दोन सभ्य ओळी लिहितील की मॅलरिंग हॉल स्वीकारता येत नाही. कारण देणार नाहीत, कारण देणं बरं दिसणार नाही. मग पाडकामवाला येईल. घर बुरशीने जाणार नव्हतं. पाच शहाणी माणसं तिच्याखाली बसून हवामानावर बोलली, म्हणून जाणार होतं.

तिने मॉयराकडे पाहिलं. मॉयराने भुवया उचलल्या. बोल ना, असा त्याचा अर्थ होता. आणि तिलाच तर घर पाडलेलं हवं होतं.

हेस्टरने आपला पाण्याचा ग्लास उचलला. खाली कापडावर एक स्वच्छ पांढरं वर्तुळ उमटलेलं होतं. भोवतालचं कापड पांढरं राहिलं नव्हतं. त्यावर गंजाची फिकी साय धरली होती.

"ममा," ती म्हणाली, "तुझा ग्लास उचल."

"काय म्हणालीस?"

"ग्लास उचल आणि खाली बघ."

"हेट्टी!" जर्वेस म्हणाला. "तू कबूल केलं होतंस!"

ममाने मान त्याच्याकडे वळवली. तिने नजर बारीक केली की सगळ्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची. "काय कबूल केलं होतं तिने?"

"काही नाही, ममा."

"जर्वेस."

"धूळ आहे ही," तो पुटपुटला. "उगाच तुला त्रास नको म्हणून..."

"त्रास नको म्हणून नाही," मॉयरा म्हणाली. "सह्या होईपर्यंत लपवायचं ठरलं होतं. खरं ते सांग की."

ममाने ग्लास उचलला. तिच्याही ग्लासाखाली पांढरं वर्तुळ होतं. तिने ते बराच वेळ पाहिलं. मग तिची नजर वर छताकडे, सुटलेल्या द्राक्षघोसाकडे गेली.

"ही बुरशी आहे, ममा," हेस्टर म्हणाली. आवाज शक्य तितका सपाट ठेवला होता तिने. "वरच्या पन्हळीतून कुठून तरी पाणी झिरपत असणार. चिमणी बंद, झडपा बंद, जाळ नाही, हवा नाही. तिला याहून चांगली जागा मिळाली नसती. लाकूड संपलं की ती विटांतून धागे पसरते, आणि पाणी स्वतःबरोबर वाहून नेते. आज ती इथवर आलीय. एक दिवस जिन्यापर्यंत जाईल."

"तू म्हणतेस, मी केलं हे."

"आपण सगळ्यांनी केलं. मिसेस टिबेट रोज पुसत होत्या. कुणीच विचारलं नाही."

"विचारायचं काय होतं त्यात?" ममाचा आवाज पहिल्यांदा कापला. "त्याची खोली आहे ती. त्याच्याकडे दुसरं काही नाही. कबर कुठे आहे तेसुद्धा कुणाला धड सांगता आलं नाही."

"आणि माझ्याकडे काय आहे?" जर्वेस उठून उभा राहिला होता. "दहा वर्षं मी त्याच्या घरात भाडेकरूसारखा राहतोय, ममा. त्याच्या टेबलाच्या टोकाला बसतो. त्याच्या खोलीवरून जाताना पाय न वाजवता जातो. मी जिवंत आहे याबद्दल मी तुझी माफी मागायची राहिलीय का अजून?"

पिनॉक लाल होऊन मिठाच्या भांड्याकडे बघत होते. बिचाऱ्यांना टेबलाखाली जागा असती तर ते गेले असते.

ममा उठली. ती उठली म्हणून सगळे उठले. तिने गळ्याशी हात नेला आणि कॉलरच्या आतून रिबिन ओढली. किल्ली अंगाला घासून घासून चकचकीत झालेली होती.

"मिस्टर पिनॉक," ती म्हणाली, "पुडिंगला थोडा उशीर होईल. आपल्याला वर यायला जमेल का?"

*

किल्ली फिरली, पण दार हललं नाही. लाकूड फुगलं होतं. हेस्टरने ढकलून पाहिलं. मग जर्वेस पुढे आला आणि त्याने खांदा लावला.

"जपून," ममा म्हणाली. "त्याला दार आपटलेलं आवडत नाही."

जर्वेसने डोळे मिटले. मग एकदाच, सगळ्या वजनानिशी, रेटा दिला.

आधी वास आला. पावसाळी रानातला, अळंब्यांचा, आणि त्यामागे काहीतरी जुनं, गोडसर. आत काळोख होता. पिनॉकनी खिशातून टॉर्च काढला.

"कृपा करून आत पाऊल टाकू नका," ते म्हणाले. आता त्यांच्या आवाजातला संकोच पार गेला होता. "जमिनीत जीव उरलेला नाही."

उजेडाचा गोल हळूहळू फिरला. चिमणीच्या भिंतीवर बुरशीने फळं धरली होती. मांसल, चपट्या, ताटाएवढ्या चकत्या एकीवर एक. कडा दुधासारख्या पांढऱ्या, मधला भाग तांबूस आणि सुरकुतलेला, पाण्याच्या थेंबांनी डवरलेला. तिथून करड्या शिरा छतावर, खिडकीच्या झडपांवर, कपाटाच्या पाठीवर गेल्या होत्या. पलंगावर कापसाच्या थरासारखं काहीतरी पांढरं पसरलं होतं, त्याखाली उशीचा आकार तेवढा कळत होता. कोपऱ्यात क्रिकेटची बॅट भिंतीला टेकून उभी होती. जर्वेसने दारातूनच पिनॉकची छत्री लांब करून तिला टोकाने स्पर्श केला. ती पडली नाही. जागच्या जागी चौकोनी तुकडे होऊन खाली बसली.

आणि सगळ्यावर, आरशावर, बुटांवर, उघड्याच राहिलेल्या पुस्तकावर, तांबडी धूळ. खाली बोटाला लागली होती तीच. इथे बोट बुडालं असतं.

ममा उंबऱ्यावर उभी होती. तिने हाताने तोंड झाकलं नाही, डोळे पुसले नाहीत.

"मला वाटलं होतं, सगळं तसंच असेल," ती म्हणाली.

हेस्टरला माहीत होतं की काही तसंच राहत नाही. बंद केलेल्या जागेत वेळ थांबत नाही, तो तिथे दुसऱ्या कुणाच्या तरी हाती लागतो. पण हे सांगायची ही जागा नव्हती. तिने ममाचा कोपर धरला. ममाने तो काढून घेतला नाही.

"मिस्टर पिनॉक," ममा म्हणाली. "स्पष्ट सांगा."

"लेडी लॅम्बर्न..."

"स्पष्ट. मी आयुष्यभर शिष्टाचार ऐकलाय."

पिनॉकनी टॉर्च खाली केला. "हा उत्तरेकडचा भाग वाचणार नाही. जे दिसतंय त्याच्या पलीकडे हातभर चांगलं लाकूडसुद्धा काढून जाळावं लागेल. पण तो नंतर जोडलेला आहे, मधल्या घराची दगडी भिंत मध्ये आहे. ती जाड आहे. मला वाटतं ती ओलांडली गेलेली नाही. वर्ष-दोन वर्षं गेली असती तर असं म्हणता आलं नसतं." ते जरा थांबले. "हा भाग तुम्ही पाडलात, तर बाकीच्या घराबद्दल मी समितीला हो लिहीन. नाहीतर काहीच लिहिता येणार नाही. आणि हे जेवताना तुम्ही मला दाखवलं नसतं, तर... मी निघालोच होतो."

"आम्हाला ते कळलं होतं," हेस्टर म्हणाली.

"मला नव्हतं कळलं," जर्वेस म्हणाला. तो भिंतीला टेकला होता, त्याच्या खांद्यावर दाराचा तांबडा डाग होता. "मला वाटलं, सुटलो."

ममाने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने आपला रुमाल काढला आणि त्याच्या कोटाचा खांदा झटकायला लागली, शाळेत जायच्या वेळी झटकावा तसा. डाग निघत नव्हता. ती झटकत राहिली.

"घर तुझं आहे, जर्वेस," ती म्हणाली. "तू सांग."

मॉयरा त्याच्यामागे येऊन उभी राहिली होती. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पाडू या," तो शेवटी म्हणाला. "हा भाग. बाकी राहू दे."

"बंगल्याचं काय?" हेस्टरने मॉयराला हळूच विचारलं.

"जाऊ दे गं," मॉयरा म्हणाली. "पण गरम पाणी मी घेतल्याशिवाय राहणार नाही."

ममा अजून खोलीकडे बघत होती. "यातलं काय ठेवता येईल?"

हेस्टरला खोटं बोलता आलं नाही. "लाकूड नाही. कापड, कातडं, कागद, काही नाही. जे उकळत्या पाण्यात धुता येईल, तेवढंच."

दाराला लागूनच संगमरवरी माथ्याचं हात धुण्याचं टेबल होतं, उंबऱ्यावरून हात पोचेल इतकं जवळ. त्यावर नक्षीच्या काचेचा एक ग्लास होता. रजेच्या शेवटच्या रात्री क्रिस्पिनने तो जेवणघरातून वर आणला असणार. त्यातलं पाणी केव्हाच उडून गेलं होतं, तळाशी एक पांढुरकी कड राहिली होती. ममाने वाकून तो उचलला. संगमरवरावर लख्ख वर्तुळ उमटलं.

"हा धुता येईल?"

"हो, ममा."

तिने तो छातीशी धरला नाही, त्याकडे पाहिलंही नाही फारसं. बोळाच्या टोकाला मिसेस टिबेट हात चोळत उभ्या होत्या. ममा त्यांच्यापाशी गेली आणि ग्लास त्यांच्या हातात दिला.

"चांगला उकळून घ्या," ती म्हणाली, "आणि इतरांबरोबर ठेवा. पुडिंग आपण दक्षिणेच्या बैठकीच्या खोलीत घेऊ. तिकडे ऊन असतं."

*

दक्षिणेकडच्या त्या लहान खोलीत मिसेस टिबेटनी घाईने टेबल मांडलं होतं. नवं कापड, सफरचंदाचं पुडिंग, सायीचा जग. खिडकी उघडी होती आणि ऑक्टोबरची गार हवा आत येत होती. कुणी ती लावा म्हटलं नाही.

जर्वेस टेबलाच्या टोकाला बसायला गेला आणि तिथेच थबकला. ममाने मानेनेच खुर्चीकडे खूण केली. तो बसला.

"मिस्टर पिनॉक, साय घ्या," ममा म्हणाली. "आणि त्या आजेसासूबाईंबद्दल मी मघाशी तुम्हाला सांगितलं ते खरं नव्हतं. त्या पियानोच्या मास्तरांबरोबर पळून गेल्या."

"अरे वा," पिनॉक म्हणाले, आणि लगेच, "म्हणजे, फार वाईट झालं."

मॉयरा हसली. मग जर्वेस हसला, आणि हसता हसता त्याने डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ धरून ठेवला.

हेस्टरने पाण्यासाठी हात पुढे केला आणि मग थांबून टेबलावर पाहिलं. पाच जागा, पाच ग्लास. सगळे काचेचे, एकाच नक्षीचे, नुकतेच धुतलेले. त्यातला एक अजून कोमट असणार. पण तो कुणाच्या पुढ्यात आला, ते आता बघून सांगता येत नव्हतं.

ममाने आपला ग्लास उचलला आणि पाणी प्यायली.